तंबूतला सिनेमा बोलू लागला तेव्हा: चिकोडी भागातल्या एका माळ्यावरच्या ठेव्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

चिकोडी–निपाणी पट्ट्यातलं हे एक मोठं गाव. तंबाखूच्या वखारी, ऊस, आठवडी बाजार. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि कित्येक घरांत दोन्ही भाषा एकाच चुलीवर. गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही. घरच्या मंडळींनी लिहायला परवानगी दिली ती याच अटीवर.

गावातल्या एका जुन्या वाड्याची वाटणी झाली. धाकट्या भावाच्या वाट्याचा भाग पाडून तिथे स्लॅबचं घर बांधायचं ठरलं. माळा रिकामा करताना फिल्मचे पत्र्याचे गोल डबे निघाले, पडद्यावर सिनेमा दाखवायचं, हाताने फिरवायचं एक यंत्र निघालं आणि एक जड ट्रंक निघाली. ट्रंकेत ग्रामोफोनच्या ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या, सिनेमाच्या गाण्यांच्या पुस्तिका, रोजकीर्दीच्या, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या, वह्या आणि पत्रांचे गठ्ठे होते. या भावांचे आजोबा तंबूचा सिनेमा घेऊन जत्रा-उरुसांतून फिरायचे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्या धंद्यातलं इतकं सामान अजून घरात आहे, याची मात्र कुणाला कल्पना नव्हती.

आजोबांचा काळ नीट समजल्याशिवाय पुढचं प्रकरण कळणार नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. पाच-सात वर्षांत बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ काढला. म्हणजे चिकोडी-निपाणीच्या माणसाला सिनेमा ही मुंबईहून आलेली लांबची गोष्ट नव्हती, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर तो तयार होत होता. १९२९ मध्ये त्याच कोल्हापुरात ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी सुरू झाली. आज मध्ये राज्याची सीमा आहे, तेव्हा चिकोडी मुंबई इलाख्यात होती, कोल्हापूर संस्थान होतं, आणि शेजारचं रायबाग कोल्हापूरकरांचं. आजोबांचा तंबू एका हंगामात या सगळ्या हद्दी ओलांडायचा.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलमआरा’ लागला आणि हिंदी पडदा बोलू लागला. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आला. पण शहरात यंत्र बोललं म्हणून तंबूत लगेच बोललं, असं झालं नाही. बोलपटाचं यंत्र घ्यायचं म्हणजे वाल्व्हचा अँप्लिफायर, कर्णा, स्थिर गतीने फिरणारी मोटर आणि त्या सगळ्याला वीज. हाताने दांडा फिरवून ध्वनी चालत नाही. गती जरा इकडेतिकडे झाली तर चित्र थोडं हलतं, आवाज मात्र चिरकतो किंवा घोगरा होतो. त्यामुळे लहान गावांत मूकपट १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालत राहिले.

अडचण

घरात तीन मतं पडली. धाकट्या भावाला पावसाळ्याआधी पाया घ्यायचा होता. मुंबईहून जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन गेला होता, त्याला यंत्र आणि पुस्तिका हव्या होत्या, बाकीचं भंगारात द्या म्हणाला. थोरल्या भावाला आजोबांचं नाव व्हायला हवं होतं. गावच्या वाचनालयाचा मोठा वर्धापनदिन जवळ आला होता आणि त्या संध्याकाळी आजोबांच्याच यंत्रावर आजोबांचीच फिल्म पडद्यावर दाखवायची, असं त्यांनी कार्यवाहांना सांगूनही टाकलं होतं. थोरल्या वहिनी कन्नड शाळेत शिक्षिका. त्यांचं म्हणणं सरळ होतं: “आधी काय आहे ते तर बघूया. विकायचं, दाखवायचं मग ठरवू की.”

वाचनालयाच्या बाजूने कागद वाचण्याचं काम माझ्याकडे आलं आणि त्यातून मी या प्रकरणात ओढला गेलो.

पहिला निर्णय: डबे उघडायचे की नाही

थोरल्या भावांचा बेत ऐकायला सुंदर होता आणि अत्यंत धोक्याचा होता. १९५० च्या आसपासपर्यंतची ३५ मिलिमीटरची फिल्म बहुतेक सेल्युलोज नायट्रेटवर असायची. हा पदार्थ पेट घेतो आणि जळताना स्वतःच प्राणवायू पुरवतो, म्हणून पाणी किंवा वाळू टाकूनही विझत नाही. खराब झालेली नायट्रेट फिल्म तर फार कमी तापमानालाही, बंद जागेत साठून राहिलेल्या उन्हाळ्याच्या उष्णतेनेही, पेटू शकते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून जुन्या चित्रपटांची मोठी संपदा गेली. तो साठा जाणकारांच्या हाताखाली होता. इथे तर पत्र्याखालचा माळा आणि समोर एप्रिल.

पुण्यातल्या जतनाच्या कामातल्या एका जाणकाराशी फोनवर बोलणं झालं. त्यांच्या सांगण्यावरून ठरलं की डबे घरात उघडायचे नाहीत, पण तिथून हलवायचे. सकाळी लवकर, ऊन चढण्याआधी, ते एकेक करून खाली आणायचे आणि शेतातल्या एकट्या, हवेशीर, कौलारू खोपीत, एकमेकांपासून अंतर ठेवून मांडायचे. जवळ चूल नाही, विजेची जोडणी नाही, बिडी तर नाहीच. तंबाखूच्या गावात ही शेवटची अट पाळून घ्यायला दोन पोरं राखणीला बसवावी लागली.

मग झाकणं हलकेच उचलून फक्त बघायचं. फिल्मच्या कडेला ‘सेफ्टी’ छापलेलं असेल तर ती नंतरच्या काळातली, सहजी न पेटणारी. ‘नायट्रेट’ असेल तर उघडच. चित्र आणि भोकांच्या मधल्या पट्टीत शिडीसारख्या रेषा किंवा नागमोडी पांढरा-काळा पट्टा दिसला तर तो ध्वनीचा मार्ग, म्हणजे बोलपट. चित्र पूर्ण रुंदीवर पसरलेलं असेल तर मूकपट. एवढं बघायला यंत्र लागत नाही, रीळ उलगडावंही लागत नाही.

निम्म्याहून जास्त डब्यांत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. काहींत तपकिरी भुगा, काहींत चिकट फेस येऊन घट्ट झालेला गोळा. वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. थोरले भाऊ त्या दिवशी फार बोलले नाहीत, पण पडद्यावर दाखवायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

समोरचे पर्याय

व्यापाऱ्याला सगळं देणं हा पैशांचा आणि वेळेचा सोपा मार्ग होता. त्यात एक नुकसान लपलेलं होतं. पुस्तिका, तबकड्या, वह्या आणि डबे एकत्र असताना त्यांना जो अर्थ आहे, तो चार ठिकाणी गेल्यावर राहत नाही. वहीत ज्या रात्री एखाद्या चित्रपटाचा खेळ लिहिला आहे, त्याच चित्रपटाची पुस्तिका ट्रंकेत आहे, हा दुवा तुटला की पुस्तिका नुसती जुनी पुस्तिका होते.

गावातच छोटं संग्रहालय करावं, असा दुसरा विचार वाचनालयाच्या तरुण मंडळींचा. उत्साह खरा होता, पण नायट्रेट गावात ठेवणं शक्यच नव्हतं आणि कागदांनाही वाळवीचं भय.

फिल्म पुण्याला आणि बाकीचं सगळंही पुण्याला, हा तिसरा. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं कामच ते. भारतात बनलेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी जेमतेम तीसेक पूर्ण किंवा तुकड्यांनी शिल्लक आहेत, तेव्हा एखादं रीळसुद्धा तिथे पोचणं महत्त्वाचं. घरच्यांची तक्रार अशी की मग गावात काय राहिलं?

शेवटी निघालेला मार्ग वहिनींनी सुचवला. फिल्म पुण्याच्या वाटेला. कागद आणि तबकड्या कुटुंबाच्या मालकीच्या, पण वाचनालयात, प्रती काढून. यंत्र धाकट्या भावाचं, त्याने हवं तर विकावं. वाटणीपत्रात माळ्यावरच्या सामानाचा उल्लेखच नव्हता, म्हणून दोघा भावांच्या सह्यांचा एक साधा कागद करून घेतला. हा कागद नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मला वाटतं. पुढे जेव्हा जेव्हा शब्दाला शब्द लागला तेव्हा वहिनी तो कागद काढून पुढ्यात ठेवत.

रोजकीर्दीत काय होतं

सगळ्यांचं लक्ष डब्यांवर होतं. खरा ठेवा वह्यांत होता.

आजोबांची रोजकीर्द मोडीत, अधूनमधून बाळबोधीत, आणि कन्नड भागातल्या मुक्कामांचा हिशेब कारकुनाच्या हातचा कन्नडमध्ये. प्रत्येक मुक्कामाला खर्चाच्या बाजूला तीच नावं येतात: जागेचं भाडं, बैलगाडी, यंत्राच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या, पेटीवाला, तबलजी, आणि ‘सांगणारा’. हा सांगणारा पडद्याच्या बाजूला उभा राहून पाट्या वाचून दाखवायचा, पात्रांचे संवाद आपल्या मनाने म्हणायचा, वेळ पडली तर गोष्ट पुढे सरकवायचा. मूकपट मुका नव्हताच. त्याला आवाज होता, फक्त तो फिल्मवर नव्हता, तंबूत उभा होता.

आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या मुक्कामांना एक सांगणारा आहे. हुक्केरी, गोकाककडे तंबू सरकला की नाव बदलतं, आणि काही गावांत एकाच खेळाला दोन नावं आहेत. सांगणारे दोन, खेळ एकच. वहिनींनी कन्नड पानं वाचली तेव्हा उलगडलं: दुसरा माणूस कन्नडमध्ये सांगायचा. एकच हरिश्चंद्र, एकच तंबू, एकाच कंदिलाखाली बसलेली माणसं, आणि गोष्ट दोन्ही भाषांत.

नंतरच्या वहीत एका हंगामापासून खर्चाची बाजू बदलते. ‘बोलकं मशीन’ भाड्याने घेतल्याची नोंद येते, इंजिनाचं तेल येतं, वाल्व्ह येतात. आधी सांगणारा जातो. मग तबलजी. पेटीवाला काही काळ टिकतो, कारण रीळ बदलताना लोकांना धरून ठेवायला कुणीतरी लागायचं. ध्वनीच्या फिल्मला सेकंदाला २४ चित्रं लागतात, म्हणजे हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. एकच यंत्र असेल तर दर अकरा मिनिटांनी अंधार, आणि त्या अंधारात पेटी. पुढे तोही जातो.

आणि त्याच सुमाराला मुक्काम बदलायला लागतात. मराठी बोलपट घेऊन तंबू हुक्केरीच्या पलीकडे कमी जातो. तिकडच्या जत्रांत हिंदी बोलपट लावल्याच्या नोंदी आहेत, गल्ला मात्र उतरलेला. या वह्या वाचताना मी सगळ्यात जास्त हललो तो इथे. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि भाषेची सीमा नकाशावर आली असं आपण धरतो. या एका तंबूत ती वीस वर्षं आधी आली होती, कर्ण्यातून. यंत्राला एका वेळी एकच भाषा येत होती.

एवढ्यावरून संपूर्ण सीमाभागाचा इतिहास काढता येणार नाही, हे एका धंद्याचे हिशेब आहेत. पण पुरावा म्हणून ते माझ्या पाहण्यात आलेल्या आठवणींच्या कोणत्याही लेखापेक्षा भक्कम आहेत, कारण इथे कुणी आठवून लिहिलेलं नाही. त्या रात्री पैसे मोजून लिहिलंय.

आज्जींची मुलाखत

आजोबांच्या पेटीवाल्याची मुलगी गावातच होती. नव्वदी ओलांडलेली, डोळे गेलेले, कान बरे. वडिलांबरोबर ती लहानपणी काही जत्रांना गेली होती. डबे, खोप, परवानग्या या धावपळीत तिच्याकडे जायला उशीर झाला. एक बैठक झाली ती फार मोलाची. “बा पडद्याकडं बगायचाच न्हाई,” आज्जी म्हणाल्या, “लोकांकडं बगायचा. बायका पदर डोळ्याला लावायल्या की सूर बदलायचा.” मूकपटाच्या साथीबद्दल इतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. नाट्यसंगीताच्या कोणत्या चाली वाजत, लढाईला काय, रडण्याला काय, हे पुढच्या खेपेला पेटी समोर ठेवून विचारायचं ठरलं. पावसाळ्यात आज्जी आजारी पडल्या आणि गेल्या. ती दुसरी बैठक राहिली.

पाटीचा वाद

वर्धापनदिनाला फिल्मऐवजी प्रदर्शन करायचं ठरलं. नावावरून वाद झाला. काही तरुणांना ‘आपल्या मराठी सिनेमाचा वारसा’ असं नाव हवं होतं. सीमाभागात मराठी पाटीसाठी माणसांनी काय सोसलंय हे मला ठाऊक आहे, त्यामुळे त्या आग्रहामागची ओढ मी हलकी मानत नाही. वहिनींनी वाद घातला नाही. त्यांनी ट्रंकेतली एक पुस्तिका टेबलावर ठेवली: ‘सती सुलोचना’. ३ मार्च १९३४ रोजी बेंगळुरूत लागलेला पहिला कन्नड बोलपट. वाय. व्ही. राव यांनी दिग्दर्शित केलेला, आणि चित्रित झालेला कोल्हापुरात, छत्रपती सिनेटोनमध्ये. कन्नड पडद्याला पहिला आवाज मिळाला तो कोल्हापूरच्या ध्वनियंत्रावर. त्या चित्रपटाची प्रत आज उपलब्ध नाही. त्याची पुस्तिका एका मराठी तंबूवाल्याने जपून ठेवली होती.

पाटी दोन्ही लिप्यांत झाली: ‘तंबूतला सिनेमा’. वह्यांची पानं त्यांच्या मूळ भाषेत लावून खाली दुसऱ्या भाषेत अर्थ दिला. आक्षेप घेणाऱ्यांपैकी दोघांनीच नंतर कन्नड नोंदींचा मराठी मजकूर तपासून दिला.

निष्पत्ती

टिकलेली रिळं थंडीच्या दिवसांत, पूर्वपरवानगीने आणि जाणकारांच्या देखरेखीखाली पुण्याला गेली. नायट्रेट टपालाने, एसटीने किंवा साध्या कुरिअरने पाठवता येत नाही, आणि तसं कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणावं. त्या रिळांत कुठलाही हरवलेला प्रसिद्ध चित्रपट नव्हता. काही सुटी, मधलीच रिळं होती, काही नंतरच्या काळातली सेफ्टी फिल्म, आणि एक मूकपटाचं रीळ ज्याची ओळख पटवण्याचं काम चालू आहे. पूर्ण कुजलेल्या डब्यांची विल्हेवाट आगीच्या धोक्याचं काम जाणणाऱ्यांकडून करून घेतली.

तबकड्यांपैकी बऱ्याच वाजवण्याजोग्या निघाल्या. यंत्र धाकट्या भावाने विकलं नाही. का, ते त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. नव्या घराच्या ओसरीवर ते आहे. व्यापारी पुन्हा आला, तेव्हा त्याला ज्या पुस्तिकांच्या दोन-दोन प्रती होत्या त्यातली एकेक दिली. त्या पैशांत वह्यांच्या प्रती काढण्याचा खर्च निघाला.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. फिल्म पेटते म्हणून ती आधी सुरक्षित जागी हलवणं बरोबरच. पण ती एकदा खोपीत गेल्यावर तिथे घाई नव्हती. त्याच आठवड्यात पेटी घेऊन आज्जींकडे जायला हवं होतं. फिल्म काही काळाने थोडी कमी उरली तरी उरते. नव्वदीतल्या माणसाचं तसं नसतं. अशा प्रकरणात हात घालणाऱ्यांनी पहिल्या दिवशी गावातली जुनी माणसं कोण, याची यादी करावी, सामानाची यादी नंतर.

डबे उघडताना फोटो काढले, पण डब्यांवरच्या चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचे जवळून काढले नाहीत. दोन चिठ्ठ्या हलवाहलवीत गळून गेल्या आणि कोणता डबा कोणता हे आता नुसत्या अंदाजावर आहे. झाकणाला हात लावण्याआधी झाकणाचा फोटो, हा नियम करावा.

तबकड्यांच्या बाबतीत एक नुकसान थोडक्यात टळलं. एका नातेवाइकाने त्या स्पिरिटने पुसायला घेतल्या होत्या. ७८ च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ ब्रशने धूळ झाडायची, लागलंच तर किंचित ओलसर कापड, आणि त्या आडव्या थप्पीत न ठेवता उभ्या ठेवायच्या. वाजवायच्या तर आजच्या एलपीची बारीक सुई चालत नाही, ७८ साठीची जाड सुई लागते. घरातला जुना ग्रामोफोन हौसेने लावू नये, त्याची पोलादी सुई दर वेळी खोबण खरवडते.

पुस्तिकांच्या प्रती काढताना आधी फक्त गाण्यांची पानं घेतली गेली होती. ते काम पुन्हा करावं लागलं. मागच्या पानावरच्या जाहिराती, छापखान्याचं नाव, किंमत, कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला गावाचा आकडा, यांतूनच पुस्तिका कोणत्या जत्रेत आली ते कळतं. ‘आलमआरा’सारखा चित्रपटच जिथे शिल्लक नाही, तिथे त्या काळच्या गाण्यांचे शब्द अशाच कागदांवर उरले आहेत. तेव्हा मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत प्रत्येक पान घ्यावं, कोरं दिसलं तरी घ्यावं, आणि कन्नड पुस्तिका मराठीच्या गठ्ठ्यातून वेगळ्या काढू नयेत. त्या ज्या क्रमाने ट्रंकेत होत्या, त्याच क्रमाने त्यांना आकडे द्यावेत.